ओमाहाहून रिकाम्या हाताने: माइक मार्टिनची चाळीस वर्षं

आडवाटेचा (धागाकर्ता)

परवा दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट संघाच्या धाग्यावर 'चोकर' (मोक्याच्या क्षणी कच खाणारा) या शब्दावरून जुंपली होती, तेव्हा मी जाता जाता माइक मार्टिनचं नाव टाकलं. तिघाचौघांनी विचारलं, हा कोण बुवा? तिथे उत्तर दिलं असतं तर त्या धाग्याचा पार विचका झाला असता, म्हणून वेगळा काढतोय. विषय अमेरिकन कॉलेज बेसबॉलचा आहे, तेव्हा गर्दी होणार नाही हे ठाऊक आहे. तरीही.

आधी आकडे टाकतो, म्हणजे माणूस केवढा ते कळेल. फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटी, गाव टॅलाहासी. १९८० ते २०१९, चाळीस हंगाम मुख्य प्रशिक्षक. २०२९ विजय, ७३६ पराभव, ४ बरोबरी. कॉलेज बेसबॉलमध्ये दोन हजारांचा आकडा ओलांडणारा पहिला प्रशिक्षक. चाळीसपैकी एकाही वर्षी ४० पेक्षा कमी विजय नाहीत. चाळीसच्या चाळीस वर्षं संघ राष्ट्रीय स्पर्धेत. त्यातून सतरा वेळा ओमाहाला, म्हणजे देशातल्या शेवटच्या आठांत.

आणि विजेतेपदं? शून्य.

आता माझा संबंध. मी १९९७ च्या ऑगस्टमध्ये एमएससाठी तिथे गेलो. गाव फुटबॉलचं (म्हणजे अमेरिकन फुटबॉलचं) वेडं. बेसबॉलचं डिक हाउझर स्टेडियम त्या अवाढव्य फुटबॉल स्टेडियमच्या शेजारी, थोरल्याच्या सावलीत धाकटा बसावा तसं. फुटबॉलच्या तिकिटासाठी मारामार. बेसबॉलला सहज आत जाता यायचं, आणि मंगळवारी संध्याकाळी असाइनमेंट टाळायला त्याहून बरी जागा गावात नव्हती. पहिल्यांदा गेलो तेव्हा नियमांचा गंध नव्हता. पाचव्या इनिंगच्या मध्यात बी सेक्शनमधली मंडळी उठली आणि खड्या आवाजात कॅनडाचं राष्ट्रगीत म्हणायला लागली. फ्लोरिडात! ही तिथली जुनी टवाळ परंपरा आहे, त्या मंडळींना 'अॅनिमल्स ऑफ सेक्शन बी' म्हणतात, हे मला नंतर कळलं. तोवर मी शाळेतल्या सवयीने सावधान उभा होतो. हैदराबादी रूममेट शर्ट ओढून मला खाली बसवत होता.

डगआउटच्या (संघ बसतो त्या कट्ट्याच्या) पायरीशी एक पन्नाशीचे गृहस्थ, खेळाडूंच्याच गणवेशात. बेसबॉलमध्ये प्रशिक्षकही तोच पोशाख घालतो, क्रिकेटवाल्या डोळ्यांना ते आधी विचित्रच दिसतं. पाठीवर ११. गावात त्यांना 'इलेव्हन' म्हणूनच ओळखत.

मार्टिन मूळचे नॉर्थ कॅरोलायनातल्या गॅस्टोनियाचे, जन्म १९४४. याच कॉलेजकडून खेळले, १९६५ साली खेळाडू म्हणून ओमाहालाही जाऊन आले. मग थोडी वर्षं मायनर लीग (व्यावसायिक बेसबॉलची खालची पायरी), मग गावातल्याच कम्युनिटी कॉलेजात चक्क बास्केटबॉलचे प्रशिक्षक, आणि १९७५ पासून इथे सहायक. १९७९ ला डिक हाउझर मुख्य प्रशिक्षक म्हणून आले, एकच हंगाम राहिले, आणि न्यू यॉर्क यँकीज या व्यावसायिक संघाने त्यांना मॅनेजर म्हणून नेलं. ती खुर्ची मार्टिनना मिळाली, आणि पहिल्याच वर्षी संघ ओमाहात. पुढे हाउझरनी १९८५ ला कॅन्सस सिटीला वर्ल्ड सिरीज (व्यावसायिक बेसबॉलचं विजेतेपद) जिंकून दिली आणि दोनच वर्षांत ब्रेन ट्यूमरने गेले. आता गंमत बघा: एक हंगाम काढलेल्या माणसाचं नाव स्टेडियमला, आणि चाळीस हंगाम काढलेल्याचं आतल्या मैदानाला.

खरं सांगायचंय ते १९९९ बद्दल. त्या मे महिन्यात आमच्या मार्शल मॅकडूगलने मेरीलँडविरुद्ध एका सामन्यात सहा होमरन (आपल्या षटकारासारखे) मारले. सातपैकी सात हिट, सोळा धावा त्याच्या खात्यावर, स्कोअर २६-२. कॉलेज बेसबॉलमध्ये तोवर असं कुणी केलं नव्हतं. संघ ओमाहात अंतिम सामन्यापर्यंत गेला. समोर मायामी, म्हणजे सख्खा शेजारी आणि पक्का वैरी.

आणि त्याच आठवड्यात तिकडे इंग्लंडमध्ये आपला क्रिकेटचा वर्ल्ड कप. १७ जूनला आफ्रिकेची उपांत्य फेरी, मी डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये धावफलकाचं पान पुन्हा पुन्हा उघडत होतो. क्लूसनर पळाला, डोनाल्ड पळाला नाही, सामना टाय, आफ्रिका घरी. दोनच दिवसांनी, १९ जूनच्या शनिवारी, टीव्हीसमोर आम्ही सात जण. मायामी ६, फ्लोरिडा स्टेट ५. एका धावेने. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून नाव पुकारलं मॅकडूगलचं, हरलेल्या संघातल्या. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. रविवारी लॉर्ड्सची फायनल होती, तीसुद्धा मी पाहिली नाही.

मार्टिनसाठी ही दुसरी वेळ. १९८६ च्या अंतिम सामन्यात अॅरिझोनाने १०-२ असं धुतलं होतं. १९९९ नंतर ते पुन्हा कधी फायनलला पोचले नाहीत, ओमाहाला मात्र जातच राहिले.

तर प्रश्न हा की, असा माणूस यशस्वी म्हणायचा की नाही? माझं मत सरळ आहे. एखाद्या वर्षी सगळं जुळून येणं हे मला त्यामानाने सोपं वाटतं. चाळीस वर्षं एकदाही न कोसळणं ही खरी अवघड गोष्ट. ठोका आता.

---

चिंचेचा आकडा

वाचतोय, मजा येतेय. बेसिक शंका: ओमाहा ओमाहा काय आहे? आणि इतक्या वेळा जाऊन जिंकता येत नाही म्हणजे स्पर्धाच वेडीवाकडी आहे की काय?

---

आडवाटेचा

ओमाहा हे नेब्रास्का राज्यातलं शहर. कॉलेज वर्ल्ड सिरीज १९५० पासून तिथेच होते. २०१० पर्यंत रोझेनब्लॅट स्टेडियमवर, २०११ पासून शहराच्या मध्यभागी नव्या मैदानावर. आपल्याकडे 'लॉर्ड्स' म्हटलं की जे होतं ते तिकडच्या पोरांना 'ओमाहा' म्हटलं की होतं.

१९९९ पासूनची रचना अशी: ६४ संघ. चार-चारचे सोळा गट, त्यातून सोळा विजेते. मग जोड्या लावून तीनपैकी दोन सामन्यांची 'सुपर रीजनल', उरले आठ. ते ओमाहाला. तिथे दोन पराभव झाले की गाशा गुंडाळायचा.

आणि वेडीवाकडी म्हणाल तर हो. १९८८ ते २००२ फायनल एकाच सामन्याची असायची, टीव्हीच्या सोयीसाठी. तीन सामन्यांची फायनल २००३ ला आली. मेजर लीगमध्ये (व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वांत वरच्या पातळीवर) १६२ पैकी १०० सामने जिंकणारा संघ म्हणजे दादा संघ, म्हणजे दादा संघही दर दहातले जवळपास चार हरतो. या खेळात एका दुपारवर विजेता ठरवणं म्हणजे नाणेफेकीच्या शेजारचंच प्रकरण.

---

खडूस खजूर

धागा छान, निष्कर्ष अमान्य.

नाणेफेक असती तर ती सगळ्यांसाठीच असती. मग प्रशिक्षक रॉड डेडो यांनी यूएससीला (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) अकरा विजेतेपदं कशी दिली? त्यातली १९७० ते ७४ लागोपाठ पाच. लुइझियाना स्टेटचे स्किप बर्टमन: अठरा हंगाम, पाच विजेतेपदं. ऑगी गॅरिडो: कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनसारख्या बिनपैशाच्या कॉलेजला १९७९, ८४, ९५ आणि मग टेक्ससला २००२, २००५. दोन वेगळ्या कॉलेजांना जिंकवणारे ते पहिले. मार्टिननी २०१८ मध्ये गॅरिडोंचाच १९७५ विजयांचा विक्रम मोडला ना? विक्रम मोडला, पण कपाट रिकामंच.

हिशोबच करू. आठ संघ, सतरा वेळा. नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या असत्या तरी दोन विजेतेपदं यायला हवीत. आणि तुमचे मार्टिन चिठ्ठीतला संघ नव्हेत, तगडा संघ घेऊन जायचे.

दुसरं, ते ४० विजय. फेब्रुवारीत उत्तरेत बर्फ असतं. तिकडची कॉलेजं ऊन शोधत दक्षिणेत येतात, महिनाभर मैदानावर पाऊल न ठेवलेली पोरं, आणि मार खाऊन परत जातात. अशा सामन्यांनी आकडा फुगतो. तिसरं, त्यांच्या संघाची फलंदाजी 'चेंडू सोडा, वॉक (चार चुकीचे चेंडू पडले की फुकट मिळणारा पहिला बेस) मिळवा' अशी असायची अशी टीका तिकडेच होत आली आहे. मंगळवारच्या हलक्या सामन्यातल्या पिचरपुढे (म्हणजे गोलंदाजापुढे) चालतं. ओमाहात समोरचा पिचर स्ट्राइकच (म्हणजे अचूक चेंडूच) टाकतो, मग काय करणार?

---

पाटाखालचा वरवंटा

पॉपकॉर्न घेऊन बसलो.

---

आडवाटेचा

खजूरशेठ, अभ्यास करून आलात, बरं वाटलं. पण तुमचाच हिशोब पुरा करा की. प्रत्येक वेळी आठात एक संधी धरली तर सतरा वेळात एकदाही न लागण्याची शक्यता सुमारे १० टक्के. म्हणजे अशा दहा मार्टिनांत एकाला हे निव्वळ नशिबाने भोगावं लागतं. तगडा संघ धरला तर शक्यता कमी होते, मान्य. पण 'याच्यात काहीतरी खोट आहे' असं सिद्ध करायला तेवढं पुरत नाही.

डेडोंचं मोठेपण वादातीत. फक्त त्यांच्या काळी स्पर्धेत संघच किती कमी असायचे तेही बघा. वॉकच्या मुद्द्यावर मात्र मी गप्प बसतो. तिथे तुमचं थोडं बरोबर आहे. आम्ही स्टँडमध्ये बसून हेच बडबडायचो, 'अरे मार की आता!'

---

मोगरी अटलांटा

मी सहसा वाचूनच जाते, पण हा धागा माझ्या घरातला आहे. माझा मुलगा अकरावीत आहे, कॅचर, म्हणजे बेसबॉलचा यष्टिरक्षक. गेली सहा वर्षं आमच्या शनिवार-रविवारचं पाणी याच खेळाने केलंय, म्हणून दोन गोष्टी सांगते.

खजूरदादा, संघ 'तगडा' ठेवणं म्हणजे काय ते आकड्यांत दिसत नाही. कॉलेज फुटबॉलला वरच्या पातळीवर ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या असायच्या. बेसबॉलला? ११.७. हो, दशांश सात. त्या सत्तावीस मुलांत वाटायच्या. म्हणजे एकाला अर्धी, दुसऱ्याला पाव, आणि बाकीची फी आईबापांनी भरायची. जॉर्जियात लॉटरीच्या पैशातून 'होप' शिष्यवृत्ती मिळते, फ्लोरिडात १९९७ पासून 'ब्राइट फ्युचर्स' आहे. राज्यातल्याच मुलाला ती मिळाली की प्रशिक्षकाचा तेवढा वाटा वाचतो. म्हणजे नुसतं बेसबॉल शिकवून भागत नाही, किराणा दुकानासारखा हिशोब ठेवावा लागतो. (२०२५-२६ पासून कोर्टातल्या तडजोडीनंतर ती मर्यादा गेली. आता यादीतच ३४ मुलं घ्यायची, शिष्यवृत्ती देता येईल तितकी द्या. पैसेवाल्या कॉलेजांची चंगळ.)

दुसरं, मुलं टिकत नाहीत. चांगला मुलगा हायस्कूलमधूनच मेजर लीगचे क्लब उचलतात. कॉलेजला आलाच तर तिसऱ्या वर्षानंतर, किंवा एकवीस पूर्ण झाली की, पुन्हा ड्राफ्टमध्ये (क्लबांच्या वार्षिक खेळाडू-निवडीत) जातो. चाळीस वर्षांत हे गृहस्थ तेरा-चौदा वेळा अख्खा संघ नव्याने बांधत होते. मला दर आठवड्याला डबा बांधायचा कंटाळा येतो.

अवांतर: या 'ट्रॅव्हल बॉल' (गावोगाव खेळणाऱ्या खाजगी क्लबांच्या) प्रकारात आम्ही एका क्लबकडून चांगलेच पोळलो. आधी वर्षभराचे पैसे, मग 'तुमचा मुलगा कॅचर म्हणून नको, उजव्या कोपऱ्यात उभा राहू दे', आणि त्याच्या जागी क्लबच्या एका संचालकाच्या मुलाला कॅचरचे ग्लोव्ह. वर्ष वाया गेलं. क्लबचं नाव घेत नाही, पण आता कुठेही सही करण्याआधी मी तीनदा वाचते.

---

चिंचेचा आकडा

ताई, ११.७ वाचून हसून हसून पुरेवाट. तो दशांश सात मुलगा नक्की कोण असायचा?

---

मोगरी अटलांटा

बहुतेक माझाच. खाण्याच्या बाबतीत मात्र पूर्ण दोन. :)

---

सावळाराम जळगाव

आम्ही शाळेत सॉफ्टबॉल खेळायचो, जिल्ह्यापर्यंत गेलो होतो. कॅचरची ती जाळी घालून मेमधल्या उन्हात बसायचं म्हणजे काय ते ज्याचं त्याला कळतं. ताईंच्या मुलाला शुभेच्छा. एक विचारायचं होतं: मार्टिनच्या हाताखालून मोठे खेळाडू किती निघाले? प्रशिक्षकाचं यश तेही असतं ना.

---

आडवाटेचा

सावळाराम, बरी आठवण केलीत. आणि कॅचरचा विषय निघालाच आहे तर बस्टर पोझी.

हा मुलगा जॉर्जियातून आला तो शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) म्हणून. दुसऱ्या वर्षी त्याला कॅचर केलं. विचार करा, चांगला खेळणारा मुलगा, त्याला सांगायचं की आजपासून तू गुडघे मोडून बस. तिसऱ्या वर्षी, म्हणजे २००८ ला, तो देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला आणि सॅन फ्रान्सिस्कोने त्याला पाचव्या क्रमांकावर उचललं. पुढे तीन वर्ल्ड सिरीज, २०१२ ला मेजर लीगमधल्या नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू. त्याच २००८ च्या मे महिन्यात सव्हाना स्टेटविरुद्ध मार्टिननी त्याला एका सामन्यात नऊच्या नऊ जागांवर खेळवलं. पिचर, कॅचर, चारही इनफील्ड, तिन्ही आउटफील्ड. वर त्याने भरल्या बेसवर होमरनही मारला. आपल्याकडे एकाने यष्टिरक्षण, गोलंदाजी आणि सिली पॉइंट एकाच दिवशी केल्यासारखं.

आणि हा पोझी संघात असताना ओमाहात काय झालं? पहिला सामना स्टॅनफर्डकडून ५-१६. नवव्या इनिंगमध्ये त्यांनी अकरा धावा काढल्या. दुसरा मायामीकडून ५-७. दोन हरले, घरी परत. खजूरशेठ, हे मी स्वतःहून सांगतोय, नोंद घ्यावी.

बाकी जे. डी. ड्रू, ज्याने १९९७ ला एकाच हंगामात तीसहून जास्त होमरन आणि तीसहून जास्त चोरलेले बेस (पिचर चेंडू टाकत असताना धावून गाठलेले) असा पराक्रम केला. फुटबॉलचे डिऑन सँडर्स आणि जेमिस विन्स्टन दोघेही त्यांच्याकडे बेसबॉल खेळलेत. विन्स्टनने फुटबॉलचा सर्वोच्च पुरस्कार, हाइझमन, जिंकल्यावर पुढच्या वसंतात येऊन शेवटच्या इनिंग्जमध्ये पिचिंग केली. फुटबॉलच्या गावात फुटबॉलच्या हिरोला डगआउटमध्ये वळणात ठेवायचं, हेही काम होतं.

---

खडूस खजूर

नोंद घेतली. प्रामाणिकपणाला पैकीच्या पैकी. पण २००८ चा तो नववा इनिंग हाच माझा मुद्दा आहे. अकरा धावा म्हणजे नशीब नव्हे, तिथे पिचर बदलायचा निर्णय कुणाचा असतो?

आफ्रिकेने २०२५ ला लॉर्ड्सवर कसोटीचं अजिंक्यपद घेतलं तेव्हा 'चोकर' शब्द पुसला गेला. जिंकूनच पुसला गेला, विजयांच्या टक्केवारीने नाही.

---

आडवाटेचा

हे मात्र लागलं.

मग शेवटच्या वर्षाचं ऐका, ते मुद्दाम मागे ठेवलं होतं. मार्टिननी आधीच जाहीर केलं होतं की २०१९ हा शेवटचा हंगाम. मार्चमध्ये दोन हजारावा विजय झाला, सगळीकडे हारतुरे. आणि मग संघ ढेपाळला. स्पर्धेचे संघ निवडले तेव्हा खात्यात ३६ विजय, २१ पराभव. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच निवड होते की नाही अशी धाकधूक. अगदी शेवटच्या चारांत कसंबसं नाव लागलं आणि पाठवलं कुठे, तर चौथ्या मानांकित जॉर्जियाच्या घरी.

तिथे तीन सामने जिंकले, त्यातले दोन जॉर्जियाविरुद्धच, १२-३ आणि १०-१. विजय झाले ३९. मग सुपर रीजनल लुइझियाना स्टेटच्या मैदानावर, बॅटन रूजला, बर्टमनांच्याच गावात. पहिला सामना ६-४. हा चाळिसावा! म्हणजे चाळीस वर्षं, दरवर्षी किमान चाळीस, ही साखळी त्या रात्री तुटता तुटता वाचली. दुसरा सामना बाराव्या इनिंगपर्यंत ताणला. ड्रू मेंडोझाने मारला, धाव आली, ५-४. पंचाहत्तरीचे मार्टिन सतराव्यांदा ओमाहाला.

मी तोवर पुण्यात परतून पंधरा वर्षं झाली होती. ऑफिसला दांडी.

ओमाहात अर्कान्सासला १-० हरवलं, मिशिगनकडून ०-२, टेक्सस टेककडून १-४. संपलं. परीकथा नाहीच झाली. पण निवडीच्या शेवटच्या चारांतल्या संघाने आठांत जाऊन बसणं, याला तुम्ही नुसतं फुगवलेल्या आकड्यांत कसं बसवणार, हे सांगा.

---

खडूस खजूर

नाही बसवता येत. २०१९ तुमचं. १९९९ माझं.

---

पाटाखालचा वरवंटा

पॉपकॉर्न संपलं. इतक्या लवकर समेट? मिसळपावकरांना आणि मायबोलीकरांना शोभत नाही हे.

---

मोगरी अटलांटा

नंतर काय झालं ते कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. त्यांच्यानंतर मुलगा, माइक मार्टिन ज्युनियर, तीन हंगाम होता आणि २०२२ ला त्याला काढलं. मग आले लिंक जॅरेट, नव्वदच्या दशकात मार्टिनांच्याच संघात शॉर्टस्टॉप होते. पहिल्या वर्षी २३ विजय, ३१ पराभव. इतकी वर्षं जे सहज होतंय असं वाटत होतं ते सहज नव्हतं, हे गावाला तेव्हा कळलं असावं.

मार्टिन सरांना लेवी बॉडी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार) झाला होता. १ फेब्रुवारी २०२४ ला गेले, ऐंशीला अकरा दिवस कमी होते. दोनच आठवड्यांत हंगाम सुरू झाला, आणि जॅरेट त्या वर्षी संघाला ओमाहाला घेऊन गेले. आम्ही घरी पाहत होतो. टेनेसीविरुद्ध पहिला सामना ११-१२, शेवटच्या इनिंगला गेला. उपांत्य फेरीत पुन्हा टेनेसीनेच घालवलं आणि विजेतेपदही तेच घेऊन गेले. मुलगा म्हणाला, "आई, हे फ्लोरिडा स्टेटवाले कायम असंच हरतात का?" मी म्हटलं, बाळा, जायला तर लागतं तिथे हरायला.

---

सावळाराम जळगाव

ताई, +१००. वाचनखूण साठवली.

---

चिंचेचा आकडा

शेवटचा बाळबोध प्रश्न, मग मी गप्प. ते कॅनडाचं राष्ट्रगीत अजून म्हणतात का?

---

आडवाटेचा

म्हणतात. २०२४ ची सुपर रीजनल टॅलाहासीलाच होती, कनेक्टिकटविरुद्ध. तोच हैदराबादी रूममेट आता टँपाला असतो, तो मुलीला घेऊन गेला होता. पाचव्या इनिंगला त्याने व्हिडिओ कॉल लावला. चित्र सगळं हलत होतं, आवाज मात्र खणखणीत. बायको स्वयंपाकघरातून विचारत होती, असे ताठ उभे का आहात?